लांबून वाचता येणारी अक्षरं

शशिकलाबाईंच्या फोनला घरात कुणी नुसतं फोन म्हणत नसे. नात रेवा त्याला 'आजी का टीव्ही' म्हणायची, सून लीना 'पाट' म्हणायची, आणि मुलगा सुबोध छाती फुगवून सांगायचा, "दुकानात याच्याहून मोठा नव्हता. असता तर आईला तोच आणला असता." हे तो दीड वर्ष सांगत होता.

खोटं कशाला बोला, फोन चांगलाच होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षरं शशिकलाबाईंशी फटकून वागायला लागली होती. या फोनवर ती परत माणसात आली. पंचांग, पेपर, मिरजेच्या शेजारणीच्या नातवाला आलेले दोन दात, सगळं चष्म्याशिवाय दिसायला लागलं. सुबोधने अक्षरं होता होईल तेवढी मोठी करून दिली होती. पहिला महिनाभर त्या अगदी हरखून गेल्या होत्या.

पण तो मेला हातात मावेना. एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने टिचक्या मारायच्या, म्हणजे फोन घेतला की भाजीची पिशवीसुद्धा घेता येत नाही. आडवं पडून वाचताना एकदा नाकावर आपटला तर दोन दिवस नाक लाल. म्हणून त्या तो घरीच ठेवायच्या, आणि तिथेच चुकलं. गेल्या थंडीत धुक्यात दूध आणायला गेल्या आणि रस्ता हरवून बसल्या. चंदीगडात ते काही अवघड नाही. तोच गोल चौक, तीच विटांची घरं, तीच झाडांची रांग. एक सेक्टर संपून दुसरा कधी लागला ते कळत नाही. दीड तासाने एका भल्या सरदारजींनी त्यांना घरी आणून सोडलं, तेव्हा सुबोध फाटकाशी रडवेला होऊन उभा होता.

त्या दिवसापासून फोन सतत जवळ ठेवायचा असं ठरलं. पर्समध्ये जाईना, तेव्हा त्यांनी ब्लाउजपीसची पिशवी हातानेच शिवली आणि नाडी लावून गळ्यात अडकवली. ते लोढणं दिवसभर छातीवर हिंदकळे. त्याच्यामुळे सुबोध-लीनाच्या फोनवरच्या नकाशात एक निळा ठिपका दिसायचा, आई कुठे आहे ते सांगणारा. लीना बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात डॉक्टर. कामातून सवड काढून ती ठिपका बघायची आणि फोन करायची. "आई, बागेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलात का? काही नाही, सहज विचारलं."

सहज! शशिकलाबाईंना त्या शब्दाचा संताप यायचा आणि संताप आला म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. कुणी वाकडं बोलत नव्हतं. ताटात गरम पोळी, उशाशी औषधं, थंडीत हीटर. भांडायला जागाच ठेवली नव्हती पोरांनी. जीव नुसता कोंडून गेला होता.

मिरजेला त्यांच्या दोन खोल्या होत्या. खिडकीपाशी शिवणाचं मशीन, दुपारी शिकायला येणाऱ्या सात-आठ बायका, आणि कमरेला स्वतःच्या दाराची किल्ली. तिथे 'कुठे निघालात' असं लोक विचारायचे, पण उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. तिथे जाऊन राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. होळीला त्यांनी विषय काढला, तर सुबोध म्हणाला, रेवाची परीक्षा संपू दे. मे महिन्यात म्हणाला, एवढ्या उन्हात कुठे. राखीपौर्णिमेला म्हणाला, दिवाळीनंतर बघू. हे 'बघू' त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. लहानपणी त्याला सायकल हवी होती तेव्हा वर्षभर त्याच त्याला तसं म्हणत होत्या.

शेवटी त्यांनी मिरजेच्या धाकट्या बहिणीला, मंजुषाला गाठलं. मंजुषाची मुलगी नेत्रा दिल्लीत नोकरीला, गणपतीनंतर ती मिरजेला जायची होती. तिच्याबरोबर जायचं. तिकीट काढून ठेवायचं आणि निघायच्या दोन दिवस आधी सुबोधला सांगायचं, म्हणजे 'बघू' म्हणायला जागा उरणार नाही. मंजुषाला त्यांनी बजावलं होतं, एवढ्यात कुणाला कळता कामा नये.

गणपतीतल्या रविवारी नोकरीपायी इथे आलेली पाच मराठी कुटुंबं सुबोधकडे दुपारच्या आरतीला जमली. पोरं सगळी इथेच वाढलेली. त्यांना आरती पाठ नव्हती, पण शाळेत हिंदी असल्यामुळे समोर धरली की धडाधड वाचायची, अर्थ कळो न कळो. छापील पुस्तकातली बारीक अक्षरं मोठ्यांनाही दिसत नव्हती. म्हणून गेल्या वर्षीपासून एक रीत पडली होती: शशिकलाबाईंनी गणपतीशेजारी उभं राहायचं, फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून पडदा लोकांकडे करायचा, आणि रेवाने बोटाने ओळी सरकवायच्या. हॉलच्या शेवटच्या माणसालाही वाचता यायचं. आपण माणूस आहोत की स्टँड, हा प्रश्न त्यांना तेव्हाही पडला होता, पण सणासुदीला कुठे बोलायचं?

आरती सुरू झाली. सुबोध तबक ओवाळत होता. कापराच्या धुराने चष्मा धुरकटला, तो काढून त्याने खिशात टाकला. दुसरी आरती रंगात आली होती. तेवढ्यात शशिकलाबाईंच्या हातात फोन थरथरला, पडद्यावर एक नवी ओळ उतरली, आणि पोरांनी चाल न मोडता, टाळ्या वाजवत, खड्या आवाजात म्हटलं,

"ताई मिरजेचं तिकीट झालं, सुबोधला एवढ्यात सांगू नकोस!"

दोन-तीन मोठेही भरात त्यांच्याबरोबर गायले. मग टाळ्या विस्कटल्या. रेवाचं बोट हवेत राहिलं.

पण आरती मधे थांबवत नाहीत. विद्यापीठात शिकवणाऱ्या नरेंद्रने घसा खाकरून पुढची ओळ उचलली, आणि सगळे घाईघाईने त्याच्या मागे गेले. आणखी तीन आरत्या होत्या, मग मंत्रपुष्पांजली. तेवढा सगळा वेळ शशिकलाबाई तो पाट धरून उभ्या होत्या. हात खाली करावे तर आरती अडणार, डोळे मिटावे तर लोक म्हणणार रडते आहे. समोर सुबोध तबक ओवाळत होता, गणपतीकडे बघून नव्हे, आईकडे बघून. दिवा तिसऱ्यांदा विझत आला तरी त्याला कळलं नाही.

प्रसाद वाटताना त्यानेच हसून विषय उडवला. "मंजूमावशीला गंमत करायची सवयच आहे. आई कुठे जाणार? रेवाशिवाय तिला करमत नाही."

सगळे सुटल्यासारखे हसले. लीना मात्र हसली नाही. ती सासूशेजारी खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आई, आमचं काही चुकलं का?"

"नाही गं."

"मग इथे काय कमी आहे?"

काहीच कमी नव्हतं. तेच तर सांगता येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, पण समोर बसलेल्या नरेंद्रच्या बायकोचा, ऋजुताचा, हातातला मोदक तसाच थांबलेला दिसला आणि त्यांनी लीनाच्याच हातात एक मोदक ठेवला. रेवा येऊन मांडीला टेकली. "आजी, आप सच में जा रहे हो?"

फोन पुन्हा थरथरला. तो मांडीवर उताणा होता आणि समोरच्या रांगेला उलटा असूनही लख्ख दिसत होता. 'जायचं पक्कं ना? गप्प बसलीस तर रद्द करते तिकीट.'

हॉलमधल्या सगळ्यांनी दुसरीकडे बघायचं ठरवलं, तरी सगळे वाचत होते. सुबोध मोदकांचं ताट घेऊन पाच पावलांवर उभा होता. तो म्हणाला, "आई, नंतर दे उत्तर. आपण बघू."

शशिकलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पोरगं वाईट नव्हतं. त्या धुक्यातल्या सकाळपासून ते घाबरलेलं होतं, आणि त्याच्या भीतीचं ओझं आठ महिने त्या गळ्यात घेऊन फिरत होत्या. हे तोंडाने सांगायची हिंमत त्यांना कधीच होणार नव्हती. त्यांनी गळ्यातली नाडी डोक्यावरून काढली आणि पिशवी बाजूला ठेवली. फोन शेजारच्या लाडवांच्या डब्याला टेकवून उभा केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि कडेने वाकून एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. त्यांना नेहमीप्रमाणे वेळ लागत होता.

'तिकीट राहू दे. मी निघणार आहे. सुबोधला सांगितलं.'

सुबोध पाच पावलांवरून ते वाचत होता. चष्मा त्याच्या खिशातच होता.