गुंजीच्या पोरीचा धोंडा

सौम्यानं तो धोंडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिचे वडील मारुतीराव शेजारीच बसून चहात टोस्ट बुडवत होते. रविवारची सकाळ होती. आठवडाभर बेळगावात कंपनीच्या कॉम्प्युटरपुढं बसणारी पोर सुट्टीला गुंजीला आली की घरीही कॉम्प्युटरच उघडून बसते, याचं तिच्या आईला, जयाबाईंना, नवल वाटायचं. मारुतीरावांना मात्र ते बघायला आवडायचं. दूर कुठल्यातरी देशातली मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो काढायची, आणि सौम्यासारखी जगभरातली हौशी माणसं ते फोटो एकामागोमाग एक फिरवून बघायची. तारे जागचे हलत नाहीत. त्यांच्यामधून काही सरकताना दिसलं, तर ते आपल्या सूर्याभोवती फिरणारं असतं. मारुतीरावांना एवढं समजलं होतं. फोटोत त्यांना दिसायचे ते करड्या कापडावर रवा सांडावा तसे ठिपके. पण लेकीच्या शेजारी बसायला तेवढं निमित्त पुरे होतं.

त्या दिवशी सौम्या बोलता बोलता थांबली. तिनं तेच फोटो पुन्हा पुन्हा फिरवले आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"आप्पा, ह्यो बघा. सरकतोय."

मारुतीरावांना काही म्हणजे काही दिसलं नाही.

"व्हय की," ते म्हणाले.

तिनं लगेच तो ठिपका कुठून कुठं सरकला ते मोजून कळवून टाकलं. पुढं इतर देशांतल्या दुर्बिणींनीही तो त्याच वाटेवर पकडला. आजवर कुणी न पाहिलेला लघुग्रह, म्हणजे आकाशातला धोंडा होता तो, आणि नुसता नवाच नव्हता, तर सूर्याभोवती फिरता फिरता पृथ्वीच्या जवळून जाणारा होता. त्याला अक्षरं आणि आकड्यांचं एक तात्पुरतं नाव मिळालं. ते नाव गुंजीत कुणाच्याच तोंडात बसलं नाही, त्यामुळं गावानं आपलं सोपं केलं: गुंजीच्या पोरीचा धोंडा. बेळगावच्या पेपरात सौम्याचा फोटो छापून आला. स्टेशनाबाहेर चहाचा गाडा लावणाऱ्या भावकूनं ते कात्रण काचेला आतून चिकटवलं. मारुतीराव कारण नसताना तिथं चहाला जाऊ लागले. लोंढा गावच्या बाजारात कुणी तांदळाचा भाव विचारला तरी ते बोलणं वळवून वळवून धोंड्यावर आणायचे.

त्याच हंगामात सौम्याचं लग्नही ठरलं. मंथन निपाणीजवळच्या बोरगावचा. तोही बेळगावातच इंजिनिअर होता. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, घरच्यांनी नंतर. मंथनचे वडील नागोजी उसाचे बागायतदार होते. तोलून मापून बोलणारा, कुणाला न दुखावणारा माणूस. साखरपुडा झाला, मे महिन्यातली तारीख धरली. जयाबाई मुलीला घेऊन बेळगावच्या शहापुरात जाऊन साड्यासुद्धा बघून आल्या.

आणि मग धोंड्याची दुसरी बातमी आली. पन्नासेक वर्षांनी एका मार्च महिन्यात हा धोंडा आणि पृथ्वी एकाच जागी येण्याची शक्यता होती. फार मोठी नव्हे, हजारात एक. पण टीव्हीवाल्यांना तेवढं पुरलं. कन्नड चॅनेलवर काय आणि मराठीवर काय, आगीचा लोळ पृथ्वीवर आदळताना दिवसभर दाखवत होते. खाली सौम्याचा पेपरातला फोटो. दोन आठवड्यांनी ती शक्यता कमी व्हायची सोडून वाढली आणि पाचशेत एक झाली. गावातली माणसं आता धोंड्याची चौकशी हळू आवाजात करू लागली. भावकूनं काच पुसण्याच्या निमित्तानं कात्रण काढलं आणि परत लावलं नाही.

त्या रविवारी सौम्यानं आप्पांना खानापुरातून गाडीवर मागं बसवून आणलं. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. ते पडलेलं होतं. गाडी बंद करून दोघं उभी राहिली. मारुतीरावांनी इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं तिथं विचारलं. वाढलं कसं गं ते?

"आप्पा, ह्यो रस्ता आणि ह्यो रूळ एकमेकांना कापतात. म्हणून रोज टक्कर हुतीय काय?"

"न्हाय."

"आपण आणि रेल्वे एकाच टायमाला इथं आलो तरच हुईल. धोंड्याची वाट आपल्या पृथ्वीच्या वाटेला अशीच कापून जाते. तो त्या दिवशी नेमका किती वाजता फाटकात येणार, तेवढंच अजून पक्कं न्हाय."

मग तिनं सावकाश समजावून सांगितलं. आधी वाटतं, रेल्वे दिवसभरात कधीही येईल. मग कळतं की दुपारी येणार आहे. आपणही दुपारीच फाटकात असणार, म्हणून धोका वाढल्यासारखा दिसतो. पण नक्की वेळ कळली की बहुतेक वेळा लक्षात येतं, ती आपल्या कितीतरी आधी निघून जाणार आहे. आता धोंडा सूर्याच्या पलीकडं गेला होता. दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा दिसेल, तेव्हा त्याची वाट नीट मोजता येईल. तोवर काही सांगता येत नव्हतं. आणि पडलाच तर? मारुतीरावांनी विचारलं. सौम्यानं लपवलं नाही. आपल्या स्टेशनाच्या फलाटापेक्षा आखूडच आहे तो, म्हणाली, सगळं जग काही बुडणार नाही. पण जिथं पडेल तिथलं एखादं शहर उरणार नाही. आधी कळलं तर माणसं हलवता येतात, धोंड्याला धक्का देऊन वाट बदलायचीही तयारी करता येते. म्हणून तर शोधायचे.

रेल्वे धडधडत निघून गेली.

"तू बघितला नसतास तर?" मारुतीरावांनी विचारलं.

"तरीबी तो त्याच वाटेनं आला असता, आप्पा. आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच."

मारुतीरावांनी ते वाक्य पाठ केलं आणि भेटेल त्याला ऐकवलं. पण नागोजींचा फोन आला तेव्हा ते वाक्य काही कामाला आलं नाही.

नागोजी फार अदबीनं बोलले. पावणं, गैरसमज नको, पोरगी लाखात एक आहे. पण भावकीत चर्चा चाललीय. लग्नाच्या तोंडावर पोरीच्या नावाला असलं काही चिकटावं, हे बरं दिसत नाही. दसऱ्यापर्यंत थांबू. धोंड्याचं निवळू दे, मग बार उडवू. मारुतीराव हं, हं करत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उभ्यानंच बोलत होतो.

जयाबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिल्या. "बघू," एवढंच म्हणाल्या. बायकोला त्यात काही वाटलेलं दिसत नाही, याचा मारुतीरावांना थोडा रागच आला. ते गावच्या माउली देवीच्या देवळात गेले. हा धोंडा एकदाचा घालव, असं देवीला सांगायला हात जोडले, आणि तिथंच अडले. काही झालं तरी पोरीनं शोधलेला होता तो. तिच्या एवढ्या कौतुकाच्या वस्तूचं वाईट कसं मागायचं? शेवटी ते म्हणाले, आई, त्याला सुखात फिरू दे, पण लांबून.

सौम्याला हे सगळं मंथनकडून आधीच कळलं होतं. तो घरी भांडायला निघाला होता. तिनंच त्याला थांबवलं. भांडून आत आलेली सून मला व्हायचं न्हाय, ती आप्पांना म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, पण त्या रविवारी तिनं कॉम्प्युटर उघडला नाही. मारुतीरावांना ते फार लागलं. त्यांनी स्वतःच तो टेबलावर आणून ठेवला, शेजारी चहा ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. तिनं हलकेच हसून झाकण उघडलं खरं, पण फोटो काही फिरवले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. मंथन चालवत होता, शेजारी नागोजी, आणि मागच्या सीटवर एकटी, नऊवारीतली, काठी हातात धरलेली म्हातारी. नागोजींच्या आई, चंद्राबाई. साखरपुड्याला गुडघ्यांमुळं त्यांना येता आलं नव्हतं. आज बोरगावपासून इथवर आल्या होत्या. नागोजींच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की हे काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

चंद्राबाईंनी पाणी घेतलं, चहा नंतर म्हणाल्या, आणि सौम्याला समोर बसवलं.

"बाई, त्यो धोंडा तू आणलास?"

"न्हाय, आजी."

"मग काय केलंस?"

"येताना दिसला. दिसला तो सांगितला."

म्हातारीनं तोंड सौम्याकडंच ठेवलं, पण बोलली ती लेकाला ऐकू जाईल असं. लग्न होऊन ती स्वतः बोरगावला आली त्याच महिन्यात घरामागच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. सगळे जेवायला बसले होते. नवी सून वाढायला उभी होती, तिला खिडकीतून धूर दिसला. नव्या सुनेनं मोठ्यानं बोलायची रीत नव्हती. ती ओरडली. पुरुष धावले, गोठ्यातली जनावरं सोडली, घर वाचलं.

"आन् मग सगळा गाव काय म्हणाला ठाऊक हाय? हिचा पायगुण. ही आली आन् गंज जळाली." चंद्राबाईंनी काठी जरा आपटली. "मी वरडलो म्हणून जनावरं जित्ती ऱ्हायली, हे कुणीबी धरलं न्हाय. माझ्या सासूनं, ह्याच्या आज्जीनं, मला वरीसभर देवापुढं दिवा लावू दिला न्हाय."

नागोजींनी मान वर केली. साठीला आलेल्या त्या माणसानं हे आजवर ऐकलं नव्हतं.

"आई, तू कधी बोलली न्हाईस."

"बोलायला काय हुतं? आता बोलतो." मग त्या सौम्याकडं वळल्या. "पन्नास वर्सानं मी न्हाय, ह्यो न्हाय. तुमची पोरंबाळं असतील. त्येंच्या घरात आधी बघणारं माणूस असलेलं बरं का नसलेलं?"

नागोजी उठले. मारुतीरावांना वाटलं, ते बाहेर निघाले. पण ते समोर आले आणि त्यांनी मारुतीरावांचे दोन्ही हात हातात घेतले. पावणं, माझं चुकलं, म्हणाले, ठरल्या तारखेलाच करू. मारुतीरावांनी जोरजोरात मान हलवली आणि हात काही सोडले नाहीत. मंथन दाराजवळ उभा राहून चपलांकडं बघत हसत होता. चंद्राबाईंनी मग चहा मागितला, आणि कमी साखरेचा नको असंही बजावलं.

मे महिन्यात लग्न झालं. धोंड्याचं काहीच निवळलेलं नव्हतं. पंगतीत कुणीतरी त्यावरून खवचट बोललं, तेव्हा नागोजींनीच त्याला सांगितलं, की आमच्या सूनबाईंनी बघितला नसता तरीही तो त्याच वाटेनं आला असता. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मारुतीरावांना इतका आनंद झाला की ते आणखी एक जिलेबी घेऊन बसले.

दसरा झाला. भाताच्या लोंब्या भरून वाकल्या होत्या, आणि मारुतीराव ओसरीवर बसून विळ्यांना धार लावत होते. सौम्याचा फोन आला. धोंडा सूर्यामागून बाहेर आला होता, दुर्बिणींनी त्याला पुन्हा पकडलं होतं, नवी मापं घेऊन वाट पुन्हा काढली होती. त्या मार्च महिन्यात तो पृथ्वीपासून चंद्राच्याही पलीकडून निघून जाणार होता. धोक्याच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं होतं.

"म्हणजे शून्य?" मारुतीरावांनी विचारलं.

"शून्य, आप्पा."

"आणि मग तो कुठं जाणार?"

"कुठं न्हाय. फिरत ऱ्हाणार."

त्यांना बरं वाटलं, आणि कशानं कोण जाणे, थोडी हुरहुरही लागली. टीव्हीवर दाखवतील काय, त्यांनी विचारलं. न्हाय वो, सौम्या हसून म्हणाली, न पडणाऱ्या धोंड्याचं कोण दाखवतंय.

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. जयाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मारुतीरावांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की धोंडा गेला, काही होणार नाही. जयाबाईंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. इतके महिने एक शब्द न बोललेली ही बाई. मारुतीराव गडबडले आणि खाली तिच्या शेजारी टेकले.

"अगं, पन्नास वर्सांचं हुतं ते. तू आणि मी कुठं असणार हुतो?"

"आपल्याला कोण विचारतंय," जयाबाई पदराआडून म्हणाल्या. "सौमीचं पोरगं ऐन उमेदीत असंल तवा. मी रोज हिशेब करत हुतो त्येच्या वयाचा."

त्या पोरग्याचा अजून कुठं पत्ताही नव्हता. पण मारुतीराव हसले नाहीत. त्यांनी तव्यावरची भाकरी करपण्याआधी उलटली आणि बायकोचं रडणं संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.