काकूचा नळ आणि काकांचं इंजिन

फक्त ऐक, मधे बोलू नकोस. काकांनी आजोबांच्या जुन्या गाडीचं इंजिन दोन वर्षं खपून नव्यासारखं केलं. काकूची अट एकच, आज इंजिनाने आतल्या हवेचा दाब नीट दाखवला नाही तर ते भंगारात आणि गॅरेजमध्ये तिचं शिवणयंत्र.

काकांनी प्लग काढला, त्या भोकात दाब मोजायचा गेज पिळून बसवला, मी स्टार्टर मारला. काटा जरासा थरथरला नि बसला. चारही सिलिंडरांची तीच रडकथा. काका पायरीवर मटकन बसले.

त्यांना पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेले, तर कायम टपटपणारा नळ अगदी गप्प.

"काकू, प्लंबर आला होता?"

"तुझे काका उद्या उद्या करत बसले. शेवटी मीच त्यांच्या त्या काटेवाल्या यंत्राचा रबरी वायसर काढून बसवला. कसा चपखल बसलाय बघ."

म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, हवा गेजच्या तोंडातूनच पळत होती.

"आणि नळाला हात लावलास," काकू म्हणाली, "तर आज जेवायला तुझ्या घरी जायचं."

बाहेर काका भंगारवाल्याला फोन लावत होते. सांग, तू काय केलं असतंस?