मंगळवारची सौना

आर्वो केट्टुनेनने ट्रेलरच्या दांड्यावरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट," तो म्हणाला. "मशीन पार खारट झालीय."

"मग चाटता कशाला?" त्याची बायको लेम्पी गॅरेजच्या दारातून म्हणाली. "सकाळी सुपात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होतात. आता तो दांडाच घेऊन जेवायला बसा."

त्याला हसू आलं नाही. चाकांवरची ती आरा मशीन बावीस वर्षं त्याच्याकडे होती. पिकअपच्या मागे लावून लोकांच्या अंगणात न्यायची, त्यांच्याच ओंडक्यांच्या फळ्या पाडून द्यायच्या, हा त्याचा धंदा. आणि एक नेम त्याने कधी मोडला नव्हता. पहिला बर्फ पडायच्या आत मशीन घरी. बर्फ वितळवायला रस्त्यावर एकदा मिठाची गाडी फिरली की मग मे महिन्यापर्यंत मशीनने रस्त्याचं तोंड बघायचं नाही. त्याची आधीची मशीन मिठानेच खाल्ली होती. वरून रंग जसाच्या तसा, आणि एका सकाळी ओंडका चढवला तर मधला पोकळ दांडा वाळक्या भाकरीसारखा कटकन मोडला. तेव्हापासून मीठ म्हटलं की त्याचं टाळकं फिरायचं. आणि दैव असं, की पोटची पोर, रित्वा, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मिठाच्या गाडीवरच ड्रायव्हर झाली. त्याआधी आठ उन्हाळे ती त्याच्याबरोबर मशीनवर राबली होती. नोकरी लागल्याचं सांगायला आली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "जा बाई. तू आणि तुझं मीठ." त्याला सतरा वर्षं झाली. पुढे हा विषय दोघांनीही काढला नाही.

यंदा बर्फाने दगा दिला. चौदा मैलांवर एका गोठ्याच्या तुळया कापायचं काम होतं. दोनच ओंडके राहिलेत म्हणून तो एक दिवस जास्त थांबला, आणि आज सकाळी परत येताना सगळा रस्ताभर पुढे केशरी गाडी मीठ उधळत चालली होती. एका वळणावर गाडी बाजूला घेऊन ड्रायव्हरने त्याला हात केला. त्याने मान फिरवली.

शनिवारी विस्कॉन्सिनहून हॉल्व्हरसन नावाचा माणूस मशीन न्यायला येणार होता. आर्वो चौऱ्याहत्तरचा झाला होता, खांदे कुरकुरायला लागले होते, आणि मशीनला जीव लावील असं कुणी त्याला दिसत नव्हतं. फोनवर तो छातीठोकपणे म्हणाला होता, "या मशीनला मिठाचा कण लागलेला नाही." मशीन परक्याच्या हाती द्यायची तर निदान धडधाकट तरी द्यावी, एवढीच त्याची इच्छा होती. आता तेही हुकणार होतं.

त्याने आपल्या परीने उपाय केला. बाहेर कडाक्याची थंडी होती. त्याने मशीन गॅरेजात घेतली, दारं लावली, ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट गुंडाळली आणि लाकडाची शेगडी धडाडून पेटवली. वासरू असो, बॅटरी असो की बटाट्यांचं पोतं, थंडीत जे जपायचं ते उबेला आणायचं, असंच त्याच्या घरात आजीपासून चालत आलं होतं. तासाभरात ताडपत्रीखालून टपटप पाणी गळायला लागलं. आर्वो खुर्ची टाकून बसला. त्याला जरा बरं वाटलं.

दोन वाजता पाळी संपवून रित्वा आली. आल्या आल्या तिने ताडपत्रीचं टोक उचललं, आत डोकावली आणि गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडली.

"अगं, थंडी आत येतेय!"

"येऊ दे. शेगडी कुणी लावली?"

"मी. दुसरं कोण लावणार? तुझंच मीठ आहे, ते वितळवून काढतोय."

"माझंच आहे," रित्वा शांतपणे म्हणाली. "त्या वळणावर शाळेची बस असते, बाबा. मीठ मी टाकणारच."

आर्वोने शेगडीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"आणि नुसतं वितळवून ते जात नाही. गोठलेलं होतं तोवर गुमान पडून होतं. उबेत त्याचं पाणी होतं, फटीफटीत शिरतं आणि लोखंड खायला लागतं. आमच्या डेपोत गाड्या आधी गरम शेडमध्ये ठेवायचे. पाच वर्षांत तळ गळून पडले. आता उघड्यावर काकडत उभ्या असतात, तर ठणठणीत आहेत."

"म्हणजे काय, बाहेर ढकलू?"

"एक तर बाहेर गोठू द्या, नाहीतर शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन काढा. अशी अर्धवट उबवत ठेवलीत, तर तुमचा तो शनिवारचा पाहुणा गंज घेऊन घरी जाईल."

हे बोलताना ती ताडपत्रीची गाठ सोडवत होती. गाठ सुटत नव्हती, तरी तिने मान वर केली नाही.

"किती पाणी लागेल?" आर्वोने विचारलं.

"चांगलं गरम, वीसेक बादल्या."

तिघांनीही अंगणापलीकडच्या सौनाकडे, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराकडे, बघितलं. तिथल्या भट्टीला लागूनच पाण्याची मोठी टाकी होती.

"आज मंगळवार आहे," लेम्पी म्हणाली. "एकावन्न वर्षं झाली या घरात येऊन. सौना पेटते ती बुधवारी आणि शनिवारी. मला बाळंतपणाच्या कळा आल्या तेव्हासुद्धा गरम पाण्यासाठी मंगळवारी कुणी पेटवली नाही. आणि आज या धुडासाठी?"

"कळा शनिवारीच आल्या होत्या," आर्वो म्हणाला.

"तुम्हाला बरं आठवतं!" असं म्हणत ती लाकडं आणायला गेलीसुद्धा.

दीड तासात पाणी कढत झालं. लेम्पी बादल्या भरून देत होती, आर्वो वाहून आणत होता आणि रित्वा पुठ्ठा अंथरून मशीनखाली उताणी पडली होती. जोराच्या पंपाला तिने साफ नकार दिला, म्हणाली, त्याने मीठ बेअरिंगमध्ये घुसेल. ती नळीने हलक्या हाताने पाणी सोडत होती. मडगार्डच्या घडीत, दिव्यांच्या मागे, करवत ज्यांवरून सरकते त्या रुळांच्या खालच्या कडेला. मीठ कुठे कुठे दडून बसतं हे तिला पाठ होतं. आर्वो बघत राहिला. तो बावीस वर्षं मशीन पुसत आला होता, पण वरून.

"बाबा, आता मधल्या दांड्यात ओता. त्या टोकाकडून."

"आतलं पाणी निघणार कुठून?"

"निघेल. तुम्ही ओता."

त्याने बादली रिकामी केली. खालून पाणी धो धो वाहिलं आणि गॅरेजच्या फरशीवर पसरलं. त्यात गंजाचा लाल रंग नव्हता. वर तेलाचा पातळ तवंग तेवढा होता. आर्वो गुडघे धरत खाली वाकला. दांड्याच्या पोटाला बोट जाईल एवढी सहा भोकं होती, आणि रित्वाच्या मुठीत रबराची सहा बुचं होती, मशीनच्याच केशरट रंगाने रंगवलेली.

"ही भोकं कुणी पाडली?"

"मी."

"कधी?"

"नोकरी लागली त्या वर्षी. डेपोत पहिल्याच महिन्यात कळलं, मीठ आतून खातं म्हणून. तुम्ही नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जाता ना पंधरा दिवस? मी तेव्हाच रजा घेते. आत तेल सोडायचं, बुचं लावायची. एका दिवसाचं तर काम."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"पण ही मशीन मिठावर कधी गेलीच नव्हती!" आर्वोचा आवाज चढला. "आज पहिल्यांदा गेली!"

रित्वा मशीनखालून हसली. "बाबा, मे महिन्यात रस्त्याच्या कडेला पांढरी धूळ उडते, ती काय पिठाची असते? अख्ख्या हिवाळ्याचं मीठ असतं ते. माझ्याच गाडीतलं."

आर्वोने एका भोकात बोट घातलं. आत गुळगुळीत आणि तेलकट लागलं. कुठेही पापुद्रा नाही, खरखर नाही. सतरा वर्षं तो चारचौघांत आपल्या नेमाची फुशारकी मारत आला होता आणि मशीन टिकली होती ती हिच्यामुळे. त्याला लाज वाटली. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की काय करावं ते सुचेना. त्याने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

"तुला ठाऊक होतं?" त्याने लेम्पीला विचारलं.

"तिला कॉफी कोण देत होतं मग?"

त्यांनी हवेच्या नळीने फटी न् फटी वाळवली. करवतीच्या पात्याचा ताण सैल केला, रूळ चिंध्यांनी कोरडे केले. मशीन उद्या मागच्या उघड्या शेडमध्ये न्यायची, ताडपत्री फक्त डोक्यावर टाकायची, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवायच्या, असं रित्वाने सांगितलं. आर्वोने मान डोलावली. कुठेही हुज्जत घातली नाही. मग तो हात पुसत घरात गेला आणि त्याने फोन लावला.

"हॉल्व्हरसन? शनिवारी येऊ नका."

"का हो? मीठ लागलं की काय मशीनला?"

"लागलंय. बावीस वर्षं लागतच होतं, मला पत्ता नव्हता."

"बरं, मी येऊन बघतो ना. विकायची तर आहे?"

"तेच सांगायला फोन केला. मालकिणीला विचारायचं राहूनच गेलं होतं."

"बायको नको म्हणतेय वाटतं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेज दिसत होतं. मशीनखालून रित्वाचे बूट बाहेर आले होते.

"बायको नव्हे," आर्वो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"बाबा, कुठे गेलात? तेलाचा डबा द्या!"

"आलो."

त्याने डबा घेतला. कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा दुसरा तुकडा अंथरला आणि खांदे सांभाळत, कण्हत-कुथत तिच्या शेजारी आडवा झाला. रित्वाने सरकून जागा दिली.

"दाखव," तो म्हणाला. "तेल कसं सोडायचं ते."