दोघांत एक उशी

डोक्याखाली असणाऱ्यानं बोलू नये, असं तुम्हा माणसांना वाटतं. म्हणून मी इतकी वर्षं गप्प राहिले. पण परवा पूनमनं मला उन्हात टाकताना नाक मुरडलं, "अगं माय, किती गोळे झाले हिच्यात!" तेव्हा म्हटलं, आता बोललंच पाहिजे. गोळे काही उगाच होत नाहीत, बाई.

मी उशी. जानेफळच्या इंद्रभानची. पूनम त्याची सून. जो रोज डोकं माझ्यावर टाकून घोरतो, त्याला मी अहो-जाहो करत नसते, तेव्हा इंद्रभानच म्हणेन. चालवून घ्या.

माझ्या पोटातला कापूस त्यांच्याच वावरातला, पहिल्या वेचणीचा. इंद्रभानची बायको अंबूबाई, तिनं स्वतः वेचलेला. गावात पिंजारी आला तेव्हा तिनं तो समोर बसून पिंजून घेतला, जुन्या लुगड्याच्या काठाची खोळ शिवली, आणि झाले मी तयार. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सासू म्हणाली, "दोन माणसं, अन् उशी एकच काऊन शिवली वो?" अंबूबाई लाजली नाही की काही नाही. सरळ म्हणाली, "दोघं संगं झोपतोच कवा, आत्याबाई?"

खोटं नव्हतं ते. त्यांची भाजीपाल्याची शेती. वांगी, मिरची, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, मेथी. विहिरीवर मोटर, आणि शेतीला लाइन, म्हणजे वीज, मिळायची ती बहुतेक वेळा रात्रीची. लाइन आली की मला काखोटीला मारून दोघं वावराकडे निघायचे. विहिरीजवळ खोपडी होती, राखणीची लहानशी झोपडी. तिच्यात पोतं अंथरायचं, पोत्यावर मी. मग एकानं झोपायचं आणि दुसऱ्यानं मोटरचा आवाज ऐकत बसायचं. मोटर घुमतेय तोवर पाणी वाफ्यात चाललंय. ती गप्प झाली की उठा, बघा, लाइन गेली की फ्यूज उडाला. नाही बघितलं तर सकाळी रोपं माना टाकून बसलेली.

पहिली पाळी नेहमी इंद्रभानच्या झोपेची. अंबूबाई म्हणायची, "झोपा तुमी. मी आहो ना जागी." एवढं ऐकलं की हा गडी गार. वर मोटरची घरघर, खाली याची घरघर, कोणती कोणाची कळायचं नाही. मग तो उठायचा, ती पडायची, आणि हा तेच म्हणायचा, "पड तू. मी आहो जागा." दोन डोक्यांत मला थंड व्हायला फुरसत नसायची. एका अंगाला खोबरेल तेलाचा वास, दुसऱ्या अंगाला घामाचा. काय दिवस होते हो ते! मच्छर फोडून खायचे, पोतं टोचायचं, पण माझ्यावर डोकं टेकलं आणि झोप आली नाही असं कधी झालं नाही.

गोपाल त्यांचा मुलगा. शिकला आणि शेतीतच राहिला. हुशार आहे, आईबापांवर जीव आहे त्याचा. पण मागच्या थंडीत अंबूबाई गेली. चार दिवसांचा ताप आणि संपलं. पुढं उन्हाळ्यात गोपालनं सौर पंप बसवला. आता ऊन पडलं की मोटर चालू, ऊन गेलं की बंद. रात्री वावरात जायचं कामच संपलं. सगळे म्हणाले, "हे सुख पाहाले अंबूबाई पाह्यजे होती." सगळे म्हणाले, "इंद्रभान, आता झोप बे निवांत."

आणि इंद्रभानची झोप गेली ती गेलीच.

सगळ्यांत आधी मला कळलं. मला नाही कळणार तर कोणाला? डोकं टेकायचा, डोळे मिटायचा, आणि थोड्या वेळानं त्याचा कान माझ्यावरून हळूच उचलला जायचा. काहीतरी ऐकायला. ऐकू काही येत नसे, मग तो उठून बसायचा. घरच्यांना वाटलं, आवाजानं झोपमोड होते. मग गोपालनं टीव्हीचा आवाज बंद केला, पूनम भांडी सकाळवर ठेवायला लागली, नात अपेक्षा चवड्यांवर चालायला लागली. घर जितकं गप्प, तितका माझा माणूस जागा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, चाळीस वर्षं शांतता म्हणजे मोटर बंद पडली एवढंच त्याच्या कानाला माहीत आहे! पण उशीचं कोण ऐकतं?

डॉक्टरच्या गोळीनं गुंगी यायची, झोप नाही. दिवसा मग पेंग. एक दिवस दुपारी तो विहिरीच्या काठावर बसल्या बसल्या डुलला. गोपाल मागून आला म्हणून बरं, दंडाला धरून ओढलं त्यानं.

"आजपासून वावर बंद, बाबा," गोपाल म्हणाला. "झोप लागाले लागली का मंग या."

"वावर बंद त मी करू काय दिवसभर?" इंद्रभाननं विचारलं.

इंद्रभान त्या दिवशी जेवला नाही. मला पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडला होता. ज्या माणसाला वावरातलं प्रत्येक रोप ओळखतं, त्याला घरात बसवलं. मला फार वाईट वाटलं, आणि गोपालवर रागही धरता येईना.

मग गोपालला मोबाइलवर ती झोपेची शिबिरं सापडली. माणसं तिकडं गाडी करून जातात, राहतात, आणि झोपायला शिकून येतात म्हणे. शेजारचे गुलाबराव अंगणात येऊन पोट धरून हसले. "झोपाले परगावी जाऊन राह्यला का बे इंद्रभान? इथं बाज मोडली काय तुही?" इंद्रभानही हसला. पण गेला. झोप लागली तर वावर परत मिळणार होतं ना.

पहिलं शिबिर लांब, नाशिककडे. तिथं कपाळावर तेलाची धार धरायचे आणि सुगंधी दिवे लावायचे. घरची उशी चालत नव्हती. त्यांनी मानेला खळगा असलेली फोमची एक गोरटेली त्याला दिली, मी पिशवीत. सगळा मुक्काम मी चपलांच्या शेजारी काढला, बोला! परत येताना गाडीत इंद्रभाननं मला बाहेर काढलं, झटकलं आणि मांडीवर घेतलं. डोळे तसेच लाल.

दुसरं शिबिर आपल्याच जिल्ह्यात, वरवट बकालच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. यावेळी त्यानं मला सोडलं नाही, आणि गोपालही सोबतीला राहिला. तिथल्या सुचिता मॅडम माणूस म्हणून चांगल्या. म्हणाल्या, "राहू द्या काका, तुमचीच उशी घ्या. फक्त शांततेशी मैत्री करा." झालं! मोबाइल जमा, बोलायचं हळू, चालायचं हळू, पंख्यालाही आवाज नाही. सोबतची नागपूर-पुण्याची मंडळी सतरंजीवर आडवी झाली की पटापट घोरायला लागत. आमचा मात्र छताकडे बघत. कान माझ्यावरून उचललेला.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळे हॉलमध्ये आडवे होते. मॅडम मऊ आवाजात सांगत होत्या, पाय सैल सोडा, हात सैल सोडा. आणि मागच्या बाजूनं घुर्रर्र सुरू झालं.

मोटर!

इंद्रभान ताडकन उठला. मला काखोटीला मारलं, अगदी तसंच, पूर्वीसारखं, आणि अनवाणी मागच्या दारानं बाहेर. पाण्याची टाकी भरत होती. मोटर चालू करून शिबिराचा माणूस कुठंतरी गेलेला. इंद्रभान निंबाच्या सावलीत टाकीकडे तोंड करून बसला. राखणीला.

गोपाल शोधत आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. बापाच्या पायी त्याचंही झोपणं सुटलं होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बाबा, काऊन उठले तुमी? सगळे झोपले ना तिथं!"

"मोटर चालू हाये बे. इथं कोनीच नाई. टाकी भरून वाह्यली म्हंजे?"

"त्यायची मोटर हाये, बाबा. ते पाह्यतीन."

"कोन पाह्यते? सगळे त झोपले."

भांडायचं त्राण नव्हतं गोपालमध्ये. बापाशेजारी मातीत फतकल मारून बसला आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "बरं. पडा तुमी इथंच. मी आहो ना जागा. टाकी भरली का मी बंद करतो."

माझ्या पोटातला कापूस हलला, खरं सांगते. तेच शब्द. पोराला ठाऊकही नव्हतं तो कोणाचं वाक्य बोलला ते.

इंद्रभाननं एकदा त्याच्याकडे पाहिलं. "जागा राह्यशीन ना?"

"हाव."

मी मातीवर, माझ्यावर त्याचं डोकं. कान टेकला. पूर्ण टेकला. आणि पापणी लवायच्या आत घोरणं सुरू! ओळखीचं, जुनं, मोटरच्या सुरातलं. गोपाल बघतच राहिला.

टाकी भरली. गोपाल उठून बटणापाशी गेला आणि मोटर बंद केली. एकदम शांत झालं. माझा जीव मुठीत. आता कान उचलणार, आता उठून बसणार.

नाही उठला. घोरतच राहिला. मोटर बंद होती, पण कोणीतरी जागं होतं ना.

सुचिता मॅडम आल्या तेव्हा गोपालनं ओठांवर बोट ठेवलं. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "आम्ही त्यायच्यासाठी घर बस शांत ठेवलं, मॅडम. जागं कोनीच नाई राह्यलं." ऊन उतरलं, चहाची घंटा झाली, तरी पोरगा तिथून हलला नाही.

आता रोज रात्री गोपाल बापाच्या खोलीच्या दारात येतो. "झोपा बाबा, मी आहो जागा." मग आपल्या खोलीत जातो आणि बापाच्या आधी घोरायला लागतो, लबाड! इंद्रभानला ऐकू जातं ते. तो गालातल्या गालात हसतो आणि झोपतो. आणि हो, वावर परत मिळालं.

पूनमबाई, मला खुशाल पिंजायला द्या. गोळे फोडा, खोळ बदला. कापूस तेवढा तोच राहू द्या. आणि तुम्ही वाचणाऱ्यांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी दार लोटून घेता, आवाज बंद करता, चांगलंच करता. जाता जाता एवढं सांगत चला की तुम्ही जागे आहात.

आज दुपारी आम्ही वावरात आहोत. मोटर चालू आहे. मिरचीला पाणी देऊन गोपाल घामाघूम होऊन खोपडीत आला, तेव्हा इंद्रभाननं मला पोत्यावर ठेवलं, वरून थापटलं.

"पड जरासा," तो म्हणाला. "मी आहो ना जागा."

पोराचं डोकं बापापेक्षा जड आहे. पण मला चालतं.