काळमाथ्याची उतरण

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. बाजारातून पिशव्या आणणारी साधी सायकल मात्र नव्हे, डोंगर चढणारी. माझे टायर जाड आणि खाचांचे आहेत, हँडल सरळ आहे, आणि चढ आला की गिअर बदलून मी हळूहळू का होईना, वर जातेच. माझा हिरवा रंग आता जागोजाग उडाला आहे, पण त्यातल्या एकाही ओरखड्याची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. तापलेल्या नळ्या, रंगाचा वास आणि मग खोक्यातला अंधार. पहिला उजेड पाहिला तो मानोरा गावात, विकासच्या सायकलच्या दुकानात. त्याने माझी चाके बसवली, ब्रेकच्या तारा ओढून पाहिल्या आणि मला दुकानासमोर उभे केले. येणारा-जाणारा थबकून बघायचा. कापडाचे व्यापारी केशरीचंद यांनी त्यांच्या नातवासाठी, अर्हमसाठी, मला घरी नेले.

अर्हम चांगला मुलगा होता. तो मला शाळेत न्यायचा, कधी पोहरादेवीच्या यात्रेला न्यायचा. पण डांबरी रस्ता सोडायचा नाही. दूर निळसर डोंगर दिसायचे आणि माझ्या चाकांना हुरहूर लागायची. पुढे तो शिकायला नागपूरला गेला. मला दुकानामागच्या गोदामात टांगले गेले. काही पावसाळे मी तिथेच काढले. टायर बसले, साखळी तांबडी झाली, सीटचा फोम उंदरांनी पळवला. एखाद्या वस्तूला काम नसले की तिचे वय दुपटीने वाढते, हे मला तिथे कळले.

तिथून मला बाहेर काढले ते अर्हमच्या आजीने, सुंदरबाईंनी. त्यांच्या घरी हिवरदरीहून भाजी यायची. हिवरदरी हे काळमाथा नावाच्या डोंगराच्या पायथ्याचे गाव. तिथले पुंजाजी भेंडी, दोडकी, पालक पिकवायचे आणि त्यांची मुलगी तनुजा टोपली घेऊन मानोऱ्याला यायची. या घरात कांदा-बटाटा खात नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे ती सुंदरबाईंसाठी वेगळी टोपली भरायची. एके दिवशी रिकामी टोपली घ्यायला ती गोदामात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिने बोटाने माझे पेडल फिरवले. साखळी किंचाळली.

"चालवता येते काय वं तुले?" मागून सुंदरबाईंनी विचारले.

"येते, आजी. पन असी गिअरची नाई चालवली कधी."

"मंग घेऊन जाय. इथं उंदरं खाऊन राह्यले तिले. अर्हमले मी सांगतो फोनवर."

तनुजाने मला ढकलत विकासकडे नेले. विकास मला ओळखून हसला. त्याने नवे टायर चढवले, तारा बदलल्या. साखळी मात्र तनुजानेच घासली, रॉकेलच्या डब्यात बुडवून, जुन्या दातब्रशने, कडी अन् कडी. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपण कुणाच्या तरी आहोत.

मित्रांनो, डोंगरात सायकल चालवणे म्हणजे नुसता पायातला जोर नव्हे. काळमाथ्यावर सागाचे दाट जंगल आहे. पायवाट मुरमाची, मध्येच काळ्या दगडगोट्यांची. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसला की हवा सूं करून निघून जाते. तनुजा पहाटे भाजी तोडायची, बापाच्या हाती देऊन मोकळी व्हायची आणि मला घेऊन डोंगर गाठायची. सुरुवातीला आम्ही दोघी पडत होतो. एकदा घाणेरीच्या झुडपात, एकदा थेट नाल्यात. तिचे गुडघे फुटले, माझा रंग गेला. पण ती उठून आधी माझे चाक फिरवून पाहायची आणि मग स्वतःचे रक्त पुसायची.

हळूहळू तिला उमगत गेले. चढावर अंग पुढे झुकवायचे. उतारावर सीटच्या मागे सरकायचे. ब्रेक एकदम दाबायचा नाही, बोटांनी समजावत दाबायचा. आणि नजर दगडावर ठेवायची नाही, वाटेवर ठेवायची. कारण नजर जिथे जाते, तिथेच चाक जाते. हे तिला कुणी शिकवले नव्हते. पडून पडून ती शिकली.

घरी मात्र तिची आई प्रयागबाई रोज कातावायची.

"काय ठेवलं वं त्या डोंगरात तुह्यं? पोरीच्या जातीनं असं उंडारत फिरावं काय?"

"माय, वरून आपलं सारं गाव दिसते. एक डाव चाल तू."

"माहे गुडघे पाह्य आधी. मी कायची येतो वर!"

पुंजाजी मात्र मी दारात उभी असले की आपल्या धोतराच्या सोग्याने माझ्या सीटवरची धूळ पुसत असत.

होळीनंतरची गोष्ट. अर्हम गावी आला होता. आता तो चांगला उंच झाला होता, आणि त्याच्याकडे चकचकीत नवी डोंगरी सायकल होती. तनुजा मला डोंगरात चालवते, हे सुंदरबाईंकडून कळल्यावर तो सकाळीच हिवरदरीला आला. मला पाहून थबकला. माझ्या हँडलवर हात ठेवून म्हणाला, "हिले मी डोंगर कधी दाखवलाच नाही."

"मंग आज तुमी पाहा, भाऊ. हेच सायकल दाखवते तुमाले," तनुजा म्हणाली.

आम्ही निघालो. पळस पेटल्यासारखा फुलला होता. सागाची पाने गळून वाटेवर त्यांचा थर झाला होता आणि चाकाखाली ती पापडासारखी मोडत होती. एक रोही, म्हणजे नीलगाय, आडवी गेली, थांबून आमच्याकडे पाहून झाडीत शिरली. शेवटच्या चढावर अर्हम उतरला आणि सायकल ढकलू लागला. तनुजा उतरली नाही. ती पेडलवर उभी राहिली, दात आवळले आणि मला वर घेऊन गेली. मागून अर्हम ओरडला, "अरे वा! तनुजा, तू तर कमालच केली!" खरे सांगते, मला माझ्या नव्या नवलाईच्या दिवसांतही एवढा अभिमान वाटला नव्हता.

माथ्यावर पोचलो आणि तनुजाचे हसू मावळले.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला धूर होता. नुसता धूर नव्हे, खाली जाळाची लाल रेघ सागाच्या पानांवरून सरकत होती आणि वारा तिला ढकलत होता. त्या बाजूला मोहखोरे आहे. मोहाची जुनी झाडे तिथे आहेत आणि या दिवसांत पहाटेपासून बाया फुले वेचायला जातात. त्या दिवशी प्रयागबाई गेली होती. शेजारच्या तांड्यावरची हेमला आणि आणखी काही बाया होत्या, त्यांची लेकरेही सोबत होती.

"त्याईले दिसत नसंल," तनुजा म्हणाली. "मधात टेकाड आहे. अन् घरी यायची वाट तर त्या जाळातूनच येते. धूर पाहून त्या घराकडेच पळतीन."

अर्हमने फोन काढला. माथ्यावर कशीबशी रेंज होती. खोऱ्यात ती कधीच नसते.

"मी पण येतो खाली."

"नाई भाऊ. तुमी इथंच थांबा, फोन इथूनच लागते. गावात सांगा, जंगलवाल्याले सांगा. म्हना, बाया नाल्यानं खालच्या पाझर तलावाकडं येऊन राह्यल्या."

"अन् तू?"

ती मला घेऊन माथ्याच्या कडेला आली. तिथून एक घळ सरळ खोऱ्यात उतरते. सैल दगड, झाडांची मुळे आणि मध्ये पावसाने खणलेल्या चऱ्या. आजवर त्या घळीत ती मला खांद्यावर घेऊनच उतरली होती. एकदाही स्वार होऊन नाही. तिने दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. ती सीटच्या मागे सरकली आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, त्या उतरणीवर मला भीती वाटली. दगड माझ्या पोटावर आपटत होते. ब्रेकचे रबर जळल्याचा वास येत होता. एका मुळावरून आम्ही दोघी हवेत गेलो आणि जमिनीवर आलो तेव्हा मागच्या चाकाचा एक स्पोक ताडकन तुटला. पुढे चरीत माझे पुढचे चाक अडकले आणि तनुजा माझ्यावरून पुढे फेकली गेली. मनगट धरून ती क्षणभर बसून राहिली. मग उठली. त्या वेळी तिने माझे चाक फिरवून पाहिले नाही. एका हाताने मला उभे केले आणि त्याच हाताने हँडल सांभाळत पुन्हा निघाली. खाली येईपर्यंत मागच्या टायरमधली हवा गेली होती आणि मी खडखडत चालले होते.

बाया मोहाखाली वाकून वेचत होत्या.

"माय! टोपले ठेवा अन् चाला! आग येऊन राह्यली!"

प्रयागबाईने मान वर केली. "कायची आग? दरसाली जळते कुठं ना कुठं. अन् तुह्या हाताले काय झालं?"

"मी वरून पाह्यली, माय. तिकडच्या वाटंनं जाऊ नका. नाल्यानं चाला, तलावाकडं."

"घर इकडं अन् तू तिकडं कायले नेतं?" एक बाई म्हणाली आणि लेकराचा हात धरून नेहमीच्या वाटेला लागलीदेखील.

हेमला मात्र आपल्या टोपलीत पाहत होती. पिवळसर फुलांवर काळ्या पानांचे जळके तुकडे येऊन पडत होते. तिने एक उचलून चोळला. बोटे काळी झाली.

"पोरगी खरं सांगते," ती म्हणाली आणि वाटेला लागलेल्या बाईला तिने ओढून मागे आणले. "चाला गं! लेकरं पुढं घ्या!"

नाल्याचे पात्र कोरडे होते. वाळू आणि दगड. जळायला तिथे काही नव्हते. सगळ्या चालू लागल्या, पण प्रयागबाईचे गुडघे दगडांत उचलेनात. "तुमी जा, मी येतो मांगून," ती म्हणत होती. तनुजाने मला तिच्यासमोर आणले.

"बस, माय."

"मी? याच्यावर?"

"बस म्हनलं ना!"

जन्मात कधी सायकलवर न बसलेली प्रयागबाई माझ्या सीटवर बसली. एका बाजूने तनुजा, दुसऱ्या बाजूने हेमला. बसक्या टायरवर, वाकडे चाक घासत, मी त्या वाळूतून चालले. माझ्या अंगात जेवढे बळ उरले होते, तेवढे सगळे त्या नाल्यात खर्ची पडले. मागे ज्या वाटेने त्या घरी जाणार होत्या, तिथून पाने तडतडल्याचा आवाज येऊ लागला. प्रयागबाई एकदा हळू आवाजात म्हणाली, "तनू, तुह्या हातावर जोर नको देऊ, बाई."

पाझर तलावाच्या काठाशी आलो तेव्हा पुंजाजी आणि गावातली माणसे समोरून धावत आली. अर्हमचा फोन लागला होता. वनखात्याची माणसेही पोचली. हिरव्या फांद्यांनी झोडपत, पाने बाजूला ओढून पट्टा मोकळा करत त्यांनी दुपारपर्यंत जाळ अडवला. जंगलाचा एक पट्टा काळा झाला, मोहाची काही झाडे होरपळली. माणूस मात्र एकही गेला नाही. पुंजाजींनी लेकीला जवळ घेतले आणि त्यांना रडूच आवरेना.

तनुजाच्या मनगटाला प्लास्टर चढले. माझे मागचे चाक कामातून गेले होते. विकासने दुसरे बसवले आणि म्हणाला, "सांगाडा मजबूत आहे बाप्पा हिचा." अर्हमने आपली नवी सायकल तनुजाला देऊ केली. तिने ती चालवून पाहिली, मनापासून वाखाणली आणि परत दिली.

मित्रांनो, मी तुम्हाला उपदेश करणार नाही. एवढेच सांगते की आमच्यासारख्यांना जपायचे म्हणजे झाकून ठेवायचे नव्हे. आम्हाला वापरा, पुसा, तेल द्या, दुखले-खुपले पाहा. आणि डोंगरात याल तेव्हा उन्हाळ्यातले वाळके पान म्हणजे बारूद आहे, हे विसरू नका. पेटती काडी टाकणारा घरी जाऊन जेवतो. खोऱ्यात मात्र कुणाची तरी आई फुले वेचत असते.

तनुजाचा हात बरा झाल्यावर एका सकाळी प्रयागबाई आपणहून तिच्यासोबत डोंगराकडे निघाली. माझे हँडल धरून, थांबत, बसत, कण्हत ती माथ्यावर आली. तिने ती घळ वरून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"इथून आली तू?"

"हाव."

प्रयागबाईने पदराने डोळे पुसले.

पुढच्या वर्षी मोह गळू लागला तेव्हा बायांनी नवी रीत घातली. आधी तनुजा मला घेऊन माथा चढते, चारी अंगांनी नजर टाकते. तोवर खोऱ्याच्या तोंडाशी सगळ्या टोपल्या घेऊन उभ्या राहतात. लेकरांना धाक घालून थांबवण्याचे काम प्रयागबाईचे. मग खालून तिची हाक येते, सागातून घुमत वर चढते:

"तनुजा! सांग वं, जाऊ काय आमी?"

आणि माझ्या हँडलवर टेकून तनुजा ओरडते, "जा, माय! जा!"