वनिताअक्काचा कुबसा

आई दमली की चहात साखर घालायला विसरते. त्या दिवसांत आम्ही रोज अगोड चहा प्यायचो! धारवाडच्या एका दवाखान्यात एचआयव्ही तपासणीआधी लोकांशी बोलायचं, धीर द्यायचा, हे तिचं काम. करोना आला आणि तिची खोली स्वॅबसाठी गेली, रक्त काढणारे प्रभंजनअण्णाही तिकडेच गेले. आईकडे उरला फोन. आमचं मळमड्डीचं घर दोन खोल्यांचं; मी दहावीत; कानावर हात ठेवून ठेवून किती ठेवणार?

अळणावरजवळच्या खेड्यातली वनिताअक्का सात महिन्यांची गरोदर होती. लॉकडाऊनच्या तोंडावर तिच्या ट्रकवाल्या नवऱ्याचा, गणेशचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. घरात हे दोघांनाच ठाऊक. हिची तपासणी राहूनच गेली. वेळेत कळलं, गोळ्या सुरू झाल्या, तर बाळ वाचण्याची आशा. एरवी बायका बाजाराच्या दिवसाचं निमित्त काढून आईकडे यायच्या. आता बाजार बंद, बस बंद. आणि फोन उचलायची सासू.

"कुबसा घेऊन जाऊ या की!" मी म्हटलं. सातव्या महिन्यात माहेरची माणसं ब्लाऊज घेऊन येतात, ओटी भरतात, तो कुबसा. तिच्या माहेरचे तर बेळगावात अडकलेले.

"गप्प बस गं," आई म्हणाली. पण संध्याकाळी वनिताअक्काचाच चोरून फोन आला; आईनं तिला बेत सांगितला, आणि वनिताअक्का हो म्हणाली.

आईचा ड्यूटीचा पास, स्कूटर, पिशवीत हिरवा ब्लाऊज, त्याखाली बोट टोचून करायच्या तपासणीचं किट.

"माहेरची कोण तुम्ही?" सासू इंदुमतीबाईंनी विचारलं.

"मावशी, आणि ही माझी लेक." मास्कमागे कोण कुणाला ओळखतंय!

ब्लाऊज घालून बघायला आई वनिताअक्काला आत घेऊन गेली. सासूबाईही उठल्या. मी आडवीच आले. "अज्जी, कुबशाची गाणी तुम्हालाच येतात म्हणे. म्हणा की!"

"कन्नडातली हाईत. कळतील तुला?"

"सगळी कळतात. हाडरी अज्जी, गा!"

मग काय, अज्जी गातच सुटल्या. मी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले. पडदा काही हलेना.

शेवटी आई बाहेर आली. तिचे डोळे बघूनच मला निकाल कळला.

"हिच्या अंगात रक्त कमी वाटतंय," ती सासूला म्हणाली. "धारवाडला नीट तपासायला हवं. लगेच."

"मोठ्या दवाखान्यात? तिथं करोना हाय! शहाण्या का खुळ्या तुम्ही? माझी सून जाणार नाही."

आईनं पुन्हा समजावलं. पुन्हा तेच.

"अत्ती, मी जाणार," वनिताअक्का दारातून सासूला म्हणाली. नव्या ब्लाऊजची हुकं तिनं उलटसुलट लावली होती. "ह्यांनी न्यावं मला. ह्यांनीच."

गणेश इतका वेळ ओट्यावर खाली मान घालून बसला होता. सासूनं त्याच्याकडे बघितलं, मग हिच्याकडे.

"उद्या सकाळी नेतो," तो म्हणाला. मान काही वर केली नाही.

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी तांब्या घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली होती.