मल्लप्पा दगड पारखतो

पौषातल्या कोवळ्या उन्हात धारेच्या दगडावरून फिरणाऱ्या पटाशीचा आवाज मी प्रथम ऐकला तो भिंतीपलीकडून: आधी भरड, मग मऊ, मग इतका बारीक, की तो चालू आहे की संपला हे कळेनासे व्हावे. नेमक्या त्याच क्षणी पटाशी उचलली जाई आणि मागे जी निःशब्दता उरे, ती खास मल्लप्पा सुताराची असे. शाळेत नव्याने लागलेला मी त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. वह्या तपासताना माझा हात त्या निःशब्दतेपाशी नकळत थांबे.

मल्लप्पा विणकरांसाठी धोटे करी, मागावर सूत इकडून तिकडे नेणारे लाकडी धोटे. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, मिशीत लाकडाचा भुसा. स्वस्थ बसणे म्हणून त्याला ठाऊक नव्हते. जेवताना गुडघा हले, बोलताना बोटे हवेतच कसला तरी कोपरा चाचपत राहत. इतर सुतार पटाशीची धार अंगठ्यावर पाहतात, याचे त्याला हसू येई; तो धार आवाजावरून ओळखी. “अंगठा घट्टे पडून मेलेला असतोय मास्तर,” तो म्हणे, “कान जित्ता असतोय.” धोट्यावर कुसळाएवढा खरबरीतपणा राहिला तरी मागावरचे सूत तुटते, आणि सूत तुटत राहिले की विणकराचा दिवस वाया जातो. मल्लप्पाच्या धोट्याने सूत तुटत नाही, ही तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरांतली पक्की खात्री होती. त्याचे सारे नाव तेवढ्यावरच उभे होते.

मी आलो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात धोटे परत येऊ लागले. पहिला घेऊन आलेली विणकरीण दारात संकोचून उभी राहिली आणि “सूत तुटतंय ना, मामा,” एवढेच म्हणाली. मग दुसरा आला, तिसरा आला. मल्लप्पा प्रत्येक धोटा उन्हात धरी, त्यावर बोट फिरवी आणि एका जागी थांबे. पटाशीने तिथे लाकूड कापले नव्हते, फाडले होते. त्याचा चेहरा तेव्हा असा होई, की मला आपल्याच खोलीत परके वाटे. “दगड म्हातारा झालाय,” एके दिवशी तो म्हणाला. “नवा घ्यायला पायजे. चला की मास्तर, संगट.” दगडातले मला ओ की ठो कळत नव्हते, सोबत हवी असेल असे समजून मी टोपी घातली.

पेठेतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात विलायती दगड लाकडी पेटीत कागदाखाली निजवून ठेवले होते. जरा पाणी लावून बघू का, असे मल्लप्पाने विचारताच शेठजी फार आर्जवाने म्हणाले, “पाणी लागलं की दगड तुमचा झाला, मिस्त्री.” त्यांचेही चुकले नव्हते, भिजलेला दगड पुढे कोण घेणार? दुकान उद्याही त्याच जागी असते, बिघडल्यास तक्रार घेऊन जाता येते, पण घेण्याआधी जी खात्री हवी ती तिथे मिळत नाही. जत्रेत सारे उलटे. हवा तेवढा वेळ दगड घासून पाहा. मात्र पाल उठले की विकणारा कुठल्या गावाला असेल, ते त्यालाही सांगता येत नाही. कोरडा दगड हातात घेऊन मल्लप्पा बराच वेळ उभा राहिला आणि मग तो पेटीत ठेवून बाहेर पडला.

संक्रांतीची जत्रा तळ्याकाठच्या मैदानात, गड्ड्यावर, भरली होती. धारेचे दगड विकणारा एक म्हातारा पाण्याचे घमेले पुढ्यात घेऊन बसलेला. “जित्ता मन है उत्ता घिसो, चाचा,” तो म्हणाला, आणि मल्लप्पा मांडी घालून बसला. पण भोवती पिपाण्या, पाळण्यांची करकर, भजीवाल्यांच्या आरोळ्या. दोन दिवस आम्ही गेलो, दोन्ही दिवस तो चिडून उठला. “ह्या कालव्यात काय ऐकू येनार?”

तिसऱ्या दिवशी आम्ही पहाटेच गेलो. तळ्यावर धुके होते, पाळणे थांबलेले, पाले मिटलेली. मल्लप्पाने दगडावर पाणी शिंपडले आणि पटाशी ओढली. मला तो आवाज स्वच्छ ऐकू आला, बारीक होत गेलेलाही कळला. म्हाताऱ्याने मान डोलावली. मल्लप्पाची पटाशी मात्र थांबली नाही. तो दगडावर वाकला, आणखी वाकला, पुन्हा घासत राहिला. दुसरा दगड घेतला, मग तिसरा. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली. वीस वर्षे मल्लप्पाने गिरणीत, मागांच्या खात्याला लागून असलेल्या सुतारखान्यात काढली होती, हे मला त्या क्षणी आठवले; मागांच्या खडखडाटाने त्याचे कान नेले होते.

त्याने मान वर केली. “मास्तर, तुमाला ऐकाया येतंय का?”

“नाही,” मी म्हणालो.

मला त्याची दया आली होती, दुसरे काही नाही. “मग दगडच वाईट,” म्हणून त्याने पटाशी धोतराच्या सोग्याला पुसली.

त्याच दिवशी त्याने दुकानातला विलायती दगड कोरडाच घेतला. होळीपर्यंत धोट्यांचे काम बंद झाले. तो बाजेचे पाय करू लागला, ज्यांना धार कशीही चालते. त्याचा गुडघा आता हलत नसे. त्या चुळबुळ्या माणसाचे ते स्वस्थ बसणे मला पाहवत नव्हते, आणि खरे सांगण्याचा धीरही होत नव्हता.

वैशाखात दोघा नवराबायकोंनी अक्कलकोटकडच्या आपल्या गावी जायचे ठरवले. सामान गाडीत चढले आणि त्याची बायको गंगव्वा माझ्यापाशी आली.

“मास्तर, ह्येंना ठावं हुतं की,” ती म्हणाली. “दिवाळीपास्नंच ऐकाया येत न्हवतं. दगड बगायला न्हवं, तुमास्नी इचारायला न्हेलं हुतं. तुमी व्हय म्हनला असता तर म्हननार हुते, रोज सांजच्याला घटकाभर जवळ बसा, आवाज बारीक झाला की हात वर करा. माजा कान काय कामाचा, मी बी गिरनीतलीच. तुमी न्हाय म्हनलासा. मग कसं मागनार?”

गिरणीत काम केलेल्या बाईचा तो चढा आवाज. गल्लीतल्या बायका दारांत आल्या. गाडीत पुढे बसलेल्या मल्लप्पाने मात्र मान वळवली नाही.

संध्याकाळी मला काहीच काम नसे. घटकाभर कशाला, दोन घटकाही बसलो असतो. वर्षे पुष्कळ गेली आणि त्याचा चेहराही आता नीटसा डोळ्यांपुढे येत नाही. पण माणूस दूर निघून गेला तरी त्याला न दिलेला होकार आपल्यापाशीच राहतो, आणि काळ तो घ्यायला मागे वळून येत नाही.